तीन आठवड्यांनी या

रायस्वाइकमधल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, धम्मपाल वाघमारेइतका शांत माणूस अख्ख्या हॉलंडात नाही, असंच तो सांगेल. शांत म्हणजे किती? दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, घरात पाय ठेवायला जागा नव्हती, बायामाणसं हमसून हमसून रडत होती, आणि हा दाराशी उभा राहून येणाऱ्यांचे ओले कोट घेत होता, एकेक करून खुंटीला लावत होता. लोक म्हणाले, याला म्हणतात साधना. लोकांचं काय जातंय म्हणायला. त्या शांतपणाच्या खाली काय आहे ते एकट्या त्याच्या पोरीला ठाऊक होतं, आणि पोर आठ महिने घरी फिरकली नव्हती.

पोर म्हणजे तेजल. वय एकोणीस, टिलबर्गच्या युनिव्हर्सिटीत शिकते. टिलबर्ग काही सातासमुद्रापार नाही, गाडी बदलून फार तर दीड तास. एवढ्या जवळचं माणूस आठ महिने येत नाही तेव्हा गाड्यांना दोष देता येत नाही. धम्मपाल दर रविवारी मेसेज करायचा, ती अंगठा पाठवायची. आता नोव्हेंबरात त्याच्या बायकोचा, सुमतीचा दुसरा स्मृतिदिन होता आणि तेजलनं 'येते' असं कळवलं होतं. त्या एका शब्दावर हा माणूस पंधरा दिवस जगत होता. ती पुन्हा येत-जात राहिली तर आपण बाप उरलो, नाही तर उरलो नाही, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं.

आता हा शांतपणा आला कुठून, ते सांगायला हवं. धम्मपाल एका इंजिनिअरिंग कंपनीत पाण्याची गणितं करतो. हा देश समुद्रापेक्षा खाली बसलेला, पंप बंद पडले तर गाईंच्या कुरणात होड्या फिरतील. कुठला पंप किती तास चालवायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर याच्या टीमचं. सात वर्षांपूर्वी त्या कामानं त्याला पार पिळून काढलं. ब्लडप्रेशर एकशे सत्तर, झोपेचा पत्ता नाही, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या हात कापायचे. इथं त्याला बर्न-आउट म्हणतात आणि पगारी रजा देतात. आपल्याकडे त्याला नाटकं म्हणतात. रजेत तो घराजवळच्या बागेत चालायला जाऊ लागला आणि तिथं तळ्याकाठी त्याला एक चिनी म्हातारी दिसली. एकटीच उभी, हळूहळू हात हलवत.

ती लियांगबाई. द हेगमधल्या एका रेस्टॉरंटच्या भटारखान्यात चाळीस वर्षं कढया हलवून निवृत्त झालेली. तीन दिवस हा लांबून बघत राहिला, चौथ्या दिवशी तिनंच खूण केली, ये म्हणून. दोघांचंही डच मोडकंतोडकं, पण शिकवायला तेवढं पुरलं. तिनं त्याला नीट उभं राहायला शिकवलं, गुडघे सैल सोडायला शिकवलं, पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. ताओ म्हणजे जगाची आपली आपली चाल, ती सांगायची. तिच्या आडवं जायचं नाही. जोर लावायचा नाही, ढकलायचं नाही. पाणी बघ, सगळ्यांत मऊ, जिथं कुणी जायला तयार नसतं अशा खालच्या जागी जाऊन बसतं, आणि तरी त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नाही.

वर्षभरात ब्लडप्रेशर एकशे तीसवर आलं. हे खोटं नाही, मशीननं दाखवलेलं आहे. झोप लागायला लागली, रंग परतला. मग काय, धम्मपालनं ताओ असा काही धरला की बायकोनं कपाळाला हात लावला. ऋतूप्रमाणे खायचं, जवळच्या मातीत पिकलेलं खायचं. हिवाळ्यात टोमॅटो बंद, वांगी बंद, भेंडीचं तर नावच नको. बुरेनकोल नावाची जाडीभरडी हिरवी भाजी असते इथं, बटाट्यात कुस्करून खातात, ती आठवड्यातून चार वेळा. आणि सूर्याबरोबर उठायचं, सूर्याबरोबर झोपायचं. नांदेडला हे ठीक आहे हो. इथं डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला गुल होतो. पहिल्या डिसेंबरात हा पाच वाजता जेवून गुडूप, आणि सुमती नि तेजल स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून हसतायत. तेव्हाच्या त्या हसण्यात राग नव्हता. माणूस सुधारला होता, घरातली चिडचिड गेली होती, आणखी काय पाहिजे?

चिडले ते फक्त त्याचे वडील. शिवाजीराव नांदेडला असतात, एसटीत कंडक्टर होते. तरुणपणी गावच्या विहिरीवर आपल्या लोकांनाही पाणी भरता यावं म्हणून मोर्चा निघाला, त्यात त्यांनी डोक्यावर काठी खाल्लेली. व्हिडिओ कॉलवर धम्मपालनं त्यांना पाण्याचं ते सगळं सांगितलं, अगदी मन लावून सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं.

"पाणी सोताहून खाली येतंय म्हणतूस?" ते म्हणाले. "आपली वस्ती गावाच्या खालच्याच अंगाला हुती की रं. कवा आलं? आणावं लागलं."

धम्मपाल हसला. फोन ठेवल्यावर सुमतीला म्हणाला, दादांना सगळीकडे मोर्चाच दिसतो.

त्यानंतरची गोष्ट. पावणेचार वर्षांपूर्वीचा मार्च महिना. सुमतीचं पोट फुगल्यासारखं व्हायला लागलं. दोन घास खाल्ले की भरायचं, कमरेत खालून दुखायचं. ती हाउसआर्ट्सकडे गेली. हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर, त्याच्या चिठ्ठीशिवाय हॉस्पिटलचं दार उघडत नाही. यांची डॉक्टर तरुण बाई होती, बोलायला गोड, तपासायला सावकाश. तिनं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, त्यात काही सापडलं नाही. खाण्यात थोडा बदल करून बघा, ती म्हणाली, आणि फरक पडला नाही तर तीन आठवड्यांनी या, मग सोनोग्राफीला पाठवते. तीन आठवड्यांनी या, हे तिनं दोनदा सांगितलं. एकदा सुमतीला आणि एकदा धम्मपालकडे वळून, कारण त्यातल्या त्यात याचं डच बरं.

तीन आठवडे झाले, फरक नव्हता. इथं डॉक्टरची वेळ हवी असेल तर सकाळी आठला फोन लावायचा आणि रांगेत थांबायचं. सुमती स्वयंपाकघरात कानाला फोन लावून उभी होती, पुढं चार जण होते. तेजल टेबलाशी पोहे खात होती, शाळेला निघायची. तेवढ्यात धम्मपाल बागेतून आला, ताजातवाना, गार हवेनं गाल लाल झालेले. त्यानं सुमतीच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. ओढून घेतला नाही, हळूच घेतला. ओढून घेतला असता तर सुमतीनं भांडण केलं असतं, आणि कदाचित आज ती असती.

शरीराला वेळ दे, तो म्हणाला. तपासण्यांच्या मागे लागलं की ते आणखी आखडतं. माझंच बघ, सुटलंच की नाही? मग तो तिच्याजवळ बसला, तिच्या पोटावर हात ठेवला आणि दोघं मिळून श्वास घेत राहिले. तेजल दप्तर उचलून गेली.

मे महिन्यात सुमतीनं पुन्हा विषय काढला, जूनमध्ये पुन्हा काढला. दर वेळी यानं घोंगडं भिजत ठेवलं. मनाशी पक्कं, की सुंठीवाचून खोकला जाणार. तो काही वाईट नवरा नव्हता, हे लक्षात घ्या. तिच्यासाठी बागेतून खाजऱ्या झाडपाल्याचे कोवळे शेंडे खुडून आणायचा, त्यांचा काढा करून द्यायचा, तिचे पाय चेपायचा. फक्त तिला जे पाहिजे होतं तेवढं सोडून सगळं करायचा. जुलैअखेरीस एका सकाळी तिला उठवेना, तेव्हा गेले. त्याच डॉक्टरबाईनं त्याच दिवशी हॉस्पिटलात पाठवलं. अंडाशयाचा कॅन्सर, पसरलेला. मार्चमध्येच आलो असतो तर, असं धम्मपालनं तिथल्या मोठ्या डॉक्टरला विचारलं. नक्की सांगता येत नाही, तो म्हणाला. ते एक वाक्य धम्मपालनं घट्ट धरून ठेवलं.

सुमती पुढं सव्वा वर्ष काढून गेली. शेवटच्या पंधरवड्यात हाउसआर्ट्स रोज घरी यायची, पलंगाशी बसायची, सुमतीचे ओठ ओले करायची. आणि सुमती गेली त्या दिवशी जमलेल्या माणसांत एकच बोलणं सुरू झालं, की हाउसआर्ट्सनं मारली. आपल्या लोकांचा तो इथला ठरलेलाच राग आहे. काहीही घेऊन जा, म्हणतात पॅरासिटामॉल घ्या आणि थांबा. प्रत्येकाकडे एक किस्सा तयार होता. सुमतीचं मरण त्यात आयतं जाऊन बसलं. मार्चमध्ये दाखवलं होतं म्हणे, आणि जुलैपर्यंत काही केलं नाही. धम्मपाल हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मूग गिळून कोट खुंटीला लावत राहिला. तेजल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

यंदाच्या मार्चमध्ये ती शेवटची आली तेव्हा निघता निघता तिनं विचारलं होतं, लोकांना खरं कधी सांगणार आहेस? वेळ आली की सांगेन, धम्मपाल म्हणाला, अशा गोष्टी ढकलून होत नाहीत. तिनं बूट घातले आणि गेली. तेव्हापासून अंगठे.

आणि आता दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. स्मृतिदिनाला दहा दिवस असताना रविराजचा फोन आला. रविराज ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात राहतो, एका बँकेच्या आयटीत मॅनेजर आहे, आणि इथल्या बौद्ध मंडळींचं काहीही असो, जयंती असो की कुणाचं सामान हलवायचं असो, हा पुढे. मनानं सोन्यासारखा माणूस. तो म्हणाला, दादा, आपण गप्प बसणाऱ्यांची पोरं नाही. त्यानं हाउसआर्ट्सविरुद्ध तक्रार तयार केली होती. डॉक्टरांची चौकशी करणारं जे मंडळ असतं त्याच्याकडे द्यायची. वकिलाला दाखवून घेतलेली, बासष्ट लोकांचा पाठिंबा मिळवलेला. नवरा म्हणून धम्मपालची सही तेवढी बाकी. ती स्मृतिदिनाला, सगळ्यांसमोर घ्यायची.

"पाहू," धम्मपाल म्हणाला.

फोन ठेवला आणि तो विचार करत बसला. सही केली तर तेजल गेली, कायमची. शिवाय त्या डॉक्टरबाईच्या मागे वर्षभर चौकशीचा ससेमिरा. सही नाही केली तर का नाही ते सांगावं लागणार, आणि बासष्ट माणसांसमोर तोंड काळं. मग त्याच्या मनात तिसरंच आलं, त्याचं नेहमीचं. काहीच करू नये. डॉक्टरच्या फाइलीत तीन आठवड्यांचं लिहिलेलं असणारच, ते आपलं आपण बाहेर येईल, आपण का बोलावं? हे सुचलं आणि त्याला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला किळस आली, आणि तो उठून तळ्यावर गेला.

लियांगबाई तिथं होतीच. पाऊस बारीक पडत होता, तिनं प्लॅस्टिकची टोपी घातली होती. धम्मपाल तिच्या शेजारी उभा राहिला, पण हात उचलले नाहीत. त्यानं तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. डच मोडकं असल्यामुळे आडवळणाला शब्दच नव्हते. बायको फोन करत होती. मी फोन बंद केला. बायको मेली.

लियांगबाईनं हात खाली घेतले.

"तिला जायचं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"तिच्या तिच्या मनानं निघाली होती?"

"हो."

"मग पाणी निघालं होतं," ती म्हणाली. "बांध तू घातलास."

धम्मपालला तोंडात मारल्यासारखं झालं. तो म्हणाला, पण तूच तर शिकवलंस, ढकलायचं नाही. त्यावर म्हातारीनं जे सांगितलं ते ऐकून तो तिच्याकडे बघतच राहिला. तिला वीस वर्षं साखरेचा आजार आहे. रोज सकाळी गोळी घेऊन, कोमट पाणी पिऊन मग ती तळ्यावर येते. दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जाते. डावा गुडघा बदललेला आहे, म्हणून तर असं उभं राहता येतं. औषध घेऊ नको असं ती कधी कुणाला म्हणाली नव्हती. सात वर्षं हा तिच्या शेजारी उभा राहत होता, आणि तुझी तब्येत कशी आहे, एवढं यानं कधी विचारलं नव्हतं. तिनं त्याची समजूत घातली नाही. टोपी सारखी केली आणि पुन्हा हात उचलले. धम्मपालला तिच्याबरोबर उभं राहवेना. तो घरी आला.

स्मृतिदिनाच्या रविवारी तेजल अकरा वाजता आली, शेवंतीची पांढरी फुलं घेऊन. बारीक दिसत होती. धम्मपालनं विचारलं, जेवतेस ना नीट? ती म्हणाली, हो. तिनं आईच्या फोटोपुढं फुलं ठेवली आणि कांदे चिरायला घेतले. दोघं तासभर एका ओट्याशी उभे होते आणि मिठाचा डबा कुठे आहे यापलीकडे बोलणं झालं नाही. तरी धम्मपालला बरं वाटत होतं. माणूस किती थोडक्यावर भागवतो, बघा.

दुपारी तीसेक माणसं जमली. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, दोघातिघांनी सुमतीच्या आठवणी सांगितल्या. मग रविराज उठला. तो चांगलं बोलतो, मोजकं आणि मनापासून. आपल्या आज्यापणज्यांना दवाखान्याच्या पायरीवरून हाकलत, तो म्हणाला, आपण आज इथवर आलो ते थांबा म्हटल्यावर थांबलो नाही म्हणून. सुमतीवहिनींना थांबा म्हणणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. बायका डोळे पुसत होत्या. त्यानं फाइल उघडून धम्मपालसमोर टेबलावर ठेवली, वर पेन ठेवलं.

धम्मपालनं समोर पाहिलं. तेजल भिंतीला टेकून उभी होती, हातात पाण्याचा जग. ती त्याच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. हा सही करणार असं तिनं धरूनच ठेवलंय, हे त्याला दिसलं. त्याचा श्वास अगदी संथ चालला होता, हात थरथरत नव्हते, सात वर्षांची सवय. त्या संथ श्वासाचा त्याला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता.

त्यानं पेन बाजूला ठेवलं आणि सांगितलं. डॉक्टरनं तीन आठवड्यांनी या म्हटलं होतं. आम्ही चार महिन्यांनी गेलो, ते माझ्यामुळे. डॉक्टरची चूक नाही.

आता तुम्हाला वाटेल, घरावर वीज कोसळली. काही नाही. लोक हळहळले. रविराजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादा, दुःखात माणूस स्वतःलाच बोल लावतो, तो म्हणाला, पण मग त्या डॉक्टरनं तरी फोन करून विचारायचं होतं की नाही, पेशंट का आला नाही म्हणून? चारदोन जणांनी मान डोलावली. कुणीतरी पाणी दिलं. लोक त्याला सोडवायला निघाले होते, सगळ्यांनी मिळून, मायेनं. नुसतं गप्प बसला असता तर सुटला असता. त्यानं तेजलकडे पाहिलं. आता ती त्याच्याकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "नीट ऐका. सुमती स्वतः फोन लावत होती. मी तिच्या हातातून तो घेतला आणि बंद केला. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तीनदा. आणि तुम्ही डॉक्टरला शिव्या घालत होता तेव्हा मी ऐकत उभा होतो."

रविराजची बायको धम्मदीपा खाली सतरंजीवर बसली होती. सुमतीची तीच काय ती जवळची मैत्रीण. ती फोटोकडे बघत म्हणाली, "मला म्हणाली होती ताई. ह्यांना पटलं की जाते म्हणाली. मी म्हटलं, पटेल गं, त्यांचा किती जीव आहे तुझ्यावर." आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

रविराजनं फाइल मिटली. पंधरा दिवस घासून लिहिलेले कागद त्यानं पिशवीत घातले, सावकाश, कोपरे न दुमडता. लोक उठायला लागले. कुणी काही टाकून बोललं नाही, तेवढी सभ्यता सगळ्यांकडे होती. जय भीम म्हणत होते, पण त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत. जेवण तसंच राहिलं. दर वेळी डबे भरून नेणाऱ्या बायकांनी एक डबा मागितला नाही. अर्ध्या तासात घर रिकामं झालं.

तेजलनं भांडी घासली, धम्मपालनं पुसली. ती काहीतरी म्हणेल असं त्याला वाटत होतं. गळ्यात पडेल असं काही वाटत नव्हतं हो, पण काहीतरी. शेवटचं पातेलं पालथं घालून तिनं हात पुसले आणि थँक यू म्हणाली. शेजाऱ्यानं पार्सल घेऊन ठेवल्यावर म्हणतात तसं. मग घड्याळ बघितलं.

तो तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेला. रायस्वाइकचं स्टेशन जमिनीखाली आहे, जिना उतरून जावं लागतं. बाकावर दोघं बसले, गाडीला नऊ मिनिटं होती. तेजल बोलायला लागली. घरात लहानपणापासून असंच आहे, हा मराठीत बोलतो, ती इंग्रजीत. ती म्हणाली, तिचं स्वतःचं पोट दुखत होतं, दोन आठवड्यांपूर्वी. दुसऱ्या दिवशी ती टिलबर्गच्या डॉक्टरकडे गेली. आईचं सांगितल्यावर त्यांनी लगेच सोनोग्राफी केली. डाव्या बाजूला काहीतरी आहे, लहानसं. या वयात बहुतेक वेळा साधं असतं म्हणाले. आणखी एक स्कॅन केलाय, गुरुवारी कळेल.

श्वासबिस सगळं विसरला धम्मपाल.

"मी येतो," तो म्हणाला. "बुधवारीच येतो. राहतो तुझ्याकडे."

"उत्तराची आई येणार आहे माझ्याबरोबर," ती म्हणाली. उत्तरा तिची रूममेट.

"तरी मी येतो. बाहेर बसेन. एक शब्द बोलणार नाही."

तेजलनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते त्याला रागापेक्षा जड गेलं.

"आज तू सांगितलंस, त्यामुळे माझा राग गेला, बाबा. खरंच गेला," ती म्हणाली. "पण तू शेजारी बसलास ना, की मला वाटायला लागतं काही झालेलंच नाही. तू न बोलतासुद्धा. आईलाही तेच वाटायचं." ती थांबली. "गुरुवारी मला घाबरलेलं राहायचंय."

सात वर्षं खपून मिळवलेली एकच गोष्ट त्याच्याकडे होती, आणि पोरीला तिचीच भीती वाटत होती. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की मीही घाबरलोय, आत्ता, या बाकावर. त्यानं तोंड उघडलं आणि जो आवाज बाहेर आला तो नेहमीसारखाच निघाला, खालचा, मऊ.

"बरं," तो म्हणाला. "कळव मग."

गाडी आली. तेजल चढली, खिडकीजवळ बसली आणि तिनं हात हलवला. धम्मपालनंही हलवला. गुरुवारला अजून चार दिवस होते.